१०८ वर्षं विरुद्ध ६८ वर्षं: मंगळवारपासूनची वर्ल्ड सिरीज मी बघू की नको?

डेस्प्लेन्सकर | २३ ऑक्टोबर २०१६, सकाळी १०:४०

मंडळी, काल रात्री कब्स जिंकले. डॉजर्सना ५-० हरवलं, आणि १९४५ नंतर पहिल्यांदा शिकागो कब्स बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये गेले. मंगळवारी क्लीव्हलँडला पहिली मॅच. शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९०८ साली, म्हणजे बरोबर १०८ वर्षं. क्लीव्हलँड शेवटचं जिंकलं १९४८ ला. दोघांत मिळून १७६ वर्षांचा उपास आहे, आणि त्यातला एक या दोन आठवड्यांत सुटणार.

मला रात्रभर झोप नाही. आणि गंमत म्हणजे मी कालची मॅच बघितलेलीच नाही! मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती, फोन बंद होता, बाहेर आलो तर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. म्हणजे काय झालं ते कळलंच.

आता प्रश्न. मी बघतो तेव्हा हे हरतात. हसू नका, हिशोब ऐका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जायंट्सविरुद्धची मॅच बघितली, १३ इनिंग (एरवी नऊच असतात) जागलो, हरले. दसऱ्याच्या रात्री ५-२ ने मागे होते, वैतागून झोपलो, सकाळी उठतो तर नवव्या इनिंगमध्ये चार रन काढून ६-५ ने जिंकलेले, शब्दशः सोनं लुटलं. कोजागरीला डॉजर्सविरुद्ध पहिली मॅच, मी मसाला दूध आटवत होतो, जिंकले. दुसरी बघितली, १-० ने हरले. तिसरी बघितली, ६-० ने हरले. मग कानाला खडा लावला, चौथी-पाचवी-सहावी बघितली नाही, तिन्ही जिंकले.

आणि याचं मूळ २००३ मध्ये आहे. तेव्हा मी ॲडिसन स्टेशनजवळ रूमवर राहायचो. मार्लिन्सविरुद्ध सहावी मॅच, जिंकलं की वर्ल्ड सिरीज. ऑफिसातून उशिरा सुटलो आणि कब्सच्या मैदानाबाहेर, रिग्ली फील्डच्या वेव्हलँड ॲव्हेन्यूवरच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो तेव्हा आपण ३-० ने पुढे, फक्त पाच आऊट हवे होते. पाच! मी आलो आणि त्या एका इनिंगमध्ये आठ रन गेले. आजही ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

तर सांगा, मंगळवारी बघू की नको? चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

---

चहाबाज | २३ ऑक्टोबर, सकाळी १०:५२

नको.

---

खमंग_काकडी | २३ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

इतके दिवस रोमात (नुसती वाचत) होते, पण हे वाचून राहवलं नाही. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही, मागच्या वर्षी लग्न होऊन इकडे आले. कोणी जरा इस्कटून सांगाल का? कब्ज म्हणजे टीमचं नाव का? आणि १०८ वर्षं एखादी टीम हरतेच कशी, दरवर्षी तर होतं ना हे?

---

मैना_बॉस्टन | २३ ऑक्टोबर, सकाळी ११:१८

काकडी, आधी 'कब्स' लिही बाई. 'कब्ज, १०८ वर्षं' हे शेजारी बसलेल्या आमच्या आईने वाचलं आणि ती इसबगोल सुचवतेय.

तर ऐक. तीस टीम, दोन लीग, नॅशनल आणि अमेरिकन. एप्रिलपासून १६२ मॅच खेळतात, जवळजवळ रोज. मग प्लेऑफ. एका लीगचा विजेता विरुद्ध दुसऱ्या लीगचा विजेता म्हणजे वर्ल्ड सिरीज, जो आधी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन. तेव्हा नुसतं तिथपर्यंत पोचणं हेही मोठंच, आणि कब्स ७१ वर्षं तिथपर्यंतच पोचले नव्हते.

आमच्या रेड सॉक्सने ८६ वर्षं वाट बघितली, २००४ ला जिंकलो. तेव्हा टीम बांधणारा होता थिओ एपस्टाइन आणि मॅनेजर होता टेरी फ्रँकोना. आता बघ, थिओ शिकागोला आणि फ्रँकोना क्लीव्हलँडला. आमची घरची माणसं दोन्हीकडे वाटली गेलीत, मी कोणाच्या बाजूने ओरडू?

---

पर्वतीपायथा | २३ ऑक्टोबर, सकाळी ११:३१

१९०८ म्हणजे टिळकांना मंडालेला पाठवलं ते साल हो! जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबरमध्ये तुमचे कब्स डेट्रॉइटला हरवून चॅम्पियन झाले. टिळक सुटून पुण्यात आले १९१४ च्या जूनमध्ये. रिग्ली फील्ड बांधलं कधी?

---

डेस्प्लेन्सकर | २३ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

१९१४ च्या एप्रिलमध्ये उघडलं! बाप रे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. कब्स तिथे खेळायला लागले १९१६ पासून. म्हणजे १९०८ चा कप जिंकला तेव्हा आत्ताचं मैदानसुद्धा नव्हतं. त्या मैदानावर कब्सनी आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही.

---

आकडेमोड | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

धागाकर्त्याशी प्रेमाने असहमत. यंदा कब्स १०३ मॅच जिंकले, सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वात जास्त. त्यातल्या किती बघितल्यास तू? चाळीस धरू. त्यातल्या पंचवीस तरी जिंकलेल्याच असणार. त्या तुझ्या हिशोबात नाहीत, कारण जिंकलेली मॅच माणूस बघून झोपतो, आणि हरलेली उशाशी घेऊन झोपतो.

हे का जिंकतायत ते बघ ना त्यापेक्षा. थिओ २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आला. २०१२ ला टीम १०१ मॅच हरली, आणि ते एका अर्थी मुद्दामच होतं. म्हातारे प्लेअर देऊन पोरं घ्यायची, ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) वरचा नंबर मिळवायचा. रिझो सॅन दिएगोकडून आणला, काइल हेंड्रिक्स टेक्सासकडून आला तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, जेक ॲरिएटा बाल्टिमोरला चालेना म्हणून इकडे आला, ब्रायंट आणि श्वार्बर ड्राफ्टमधून. तीन वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि मग पीक आलं.

हेंड्रिक्स तर आपल्या लोकांनी बघावाच. हल्लीचे बरेच पिचर (बॉल टाकणारे) ताशी ९५ मैलांच्या वर टाकतात, हा ८८ च्या आसपास, आणि यंदा सगळ्यांत कमी रन याने दिल्यात (सरासरी २.१३). काल समोर कर्शॉ, आजचा सगळ्यात भारी पिचर, आणि हा आठव्या इनिंगपर्यंत दोन हिट देऊन उभा. वेगाने नाही, टप्प्याने आणि डोक्याने विकेट काढणारा. बेदीच्या पठडीतला म्हणा.

---

एरीकाठची | २३ ऑक्टोबर, दुपारी १:०२

शिकागोकरांचं झालं असेल तर आम्ही बोलू का? नमस्कार, मी क्लीव्हलँडहून.

सगळ्या टीव्हीवर १०८, १०८ चाललंय. आमचे ६८ कोणी मोजतच नाही! मी लग्न होऊन आले १९९४ ला. त्याच वर्षी नवीन स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी प्लेअरांचा संप होऊन वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, हा माझा गृहप्रवेश. ९५ ला काय टीम होती! संपामुळे सीझन १४४ चाच होता, त्यातल्या शंभर जिंकल्या, आणि अटलांटाने फायनलला हरवलं. ९७ ला मार्लिन्सविरुद्ध सातवी मॅच, नववी इनिंग, आम्ही २-१ ने पुढे. होजे मेसा पिचिंगला. डेस्प्लेन्सकर, तुम्हाला पाच आऊट हवे होते ना? आम्हाला दोन. फक्त दोन. तेही वर्ल्ड सिरीज जिंकायला, नुसतं तिथे पोचायला नाही. अकराव्या इनिंगला रेन्टेरियाने हिट मारली आणि संपलं. मोठा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता, मी रडतेय म्हणून तोही रडायला लागला.

तोच मुलगा आता वीस वर्षांचा होईल. आणि तो शिकतो कुठे? शिकागोला! घरी फोनवर 'आई, यंदा कब्सला जिंकू दे ना' म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

---

चहाबाज | २३ ऑक्टोबर, दुपारी १:०९

दिवाळीचा फराळ पाठवणार का मग त्याला?

---

एरीकाठची | २३ ऑक्टोबर, दुपारी १:११

लाडू पाठवेन. चिवडा जिंकल्यावर.

---

दक्षिणायन | २३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

शिकागोत अजून एक टीम आहे याची नोंद घ्यावी. आमचे व्हाइट सॉक्स २००५ ला जिंकले, १९१७ नंतर, म्हणजे ८८ वर्षांनी. सरळ चार मॅचमध्ये. तेव्हा एवढी पुस्तकं, एवढे अश्रू, बकऱ्या-बिकऱ्या काही नाही. आणि कब्सचा काळ जो चांगला म्हणतात त्यात १९०६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांना हरवलं कोणी? आम्हीच. मी दक्षिण शिकागोत २२ वर्षं राहतोय, मला कब्सचं कौतुक जमणार नाही, सॉरी. क्लीव्हलँडताईंना माझा पूर्ण पाठिंबा.

---

खमंग_काकडी | २३ ऑक्टोबर, दुपारी २:२८

बकरी कुठून आली??

---

डेस्प्लेन्सकर | २३ ऑक्टोबर, दुपारी २:४५

:) बकरीशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. १९४५, वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच. बिली सियानिस म्हणून ग्रीक खानावळवाला, तो आपल्या पाळलेल्या बकऱ्याला घेऊन रिग्लीवर आला. बकऱ्याचं नाव मर्फी. तिकीट होतं म्हणे दोघांचं, पण बकऱ्याला वास येतो म्हणून बाहेर काढलं, आणि त्याने शाप दिला की इथे आता पुन्हा जिंकणार नाही. ती सिरीज कब्स सातव्या मॅचला हरले. शापाची गोष्ट नंतर फुगत गेली असणार, पण त्याची खानावळ आजही चालू आहे, मी जाऊन बर्गर खाऊन आलोय.

त्यानंतर ६९ ला काळी मांजर, ८४ ला लिऑन डरहॅमच्या पायांतून निघून गेलेला बॉल, २००३ ला प्रेक्षकाच्या हाताला लागलेला तो फाउल बॉल. त्या प्रेक्षकाचं नाव मी घेणार नाही आणि कृपया इथे कोणी घेऊ नका. बॉल आपल्याकडे येतोय म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्यांनीच हात वर केले होते. त्यानंतर आपल्या शॉर्टस्टॉपच्या (फील्डरच्या) हातून साधा बॉल सुटला तो काय त्याने सोडला? पण त्या माणसाचं आयुष्य लोकांनी नासवलं. जिंकले तर मला सगळ्यात जास्त त्याच्यासाठी बरं वाटेल.

---

मैना_बॉस्टन | २३ ऑक्टोबर, दुपारी ३:०१

शेवटच्या परिच्छेदाला +१००. आमच्याकडे ८६ ला पायांतून बॉल सुटलेल्या बिल बकनरचं तेच केलं लोकांनी.

---

पर्वतीपायथा | २३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अवांतर होईल पण लिहितोच. वाट बघण्याचंच म्हणाल तर आमचं महाराष्ट्र घ्या. रणजी शेवटची जिंकली १९४०-४१ ला, देवधर कॅप्टन, लागोपाठ दुसऱ्यांदा. त्याला झाली ७५ वर्षं. बाजूला मुंबई एक्केचाळीसवेळा जिंकून बसलीय. आमचे लोक विक्रम करतात, कप नाही आणत. निंबाळकरांचे नाबाद ४४३ पुण्यातलेच, समोरच्या टीमने मॅच सोडून दिली नाहीतर ब्रॅडमनचे ४५२ गेलेच होते. आत्ता दहा दिवसांपूर्वी वानखेडेवर गुगळे आणि बावणेने दिल्लीविरुद्ध ५९४ ची नाबाद भागीदारी केली, गुगळे ३५१! वडील ९२-९३ ला पंजाबविरुद्धच्या फायनलचा स्कोअर रेडिओला कान लावून ऐकायचे, २०१३-१४ ला केदार जाधवने सीझनमध्ये बाराशेवर रन केल्या तेव्हा परत आशा लागली, कर्नाटकने फायनलला हरवलं. वडील तेव्हा होते. आता नाहीत.

त्यामुळे डेस्प्लेन्सकर, तुमचं मला कळतं. आणि मी मॅच बघायचीच या मताचा आहे. २०११ ला वानखेडेवर सचिन आऊट झाला तेव्हा मी उठून गच्चीत गेलो होतो, भीतीने. धोनीचा सिक्स मी खालून आलेल्या आवाजावरून 'बघितला'. पाच वर्षं झाली, त्याचं वाईट अजून वाटतं.

---

डावखुरा | २३ ऑक्टोबर, रात्री १०:१४

आमच्याकडे त्या दिवशी काकूला बाथरूममधून बाहेर येऊ दिलं नव्हतं. ती आत असताना गंभीर-धोनीची जोडी जमली होती. आतून विचारत होती 'येऊ का?', आणि सगळे एका सुरात 'नाही!'

---

शुभंकरोति | २४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मॅचच्या तारखा बघितल्या का कोणी? शिकागोतल्या मॅच शुक्र-शनि-रवि, २८-२९-३०. शुक्रवारी धनत्रयोदशी, रविवारी लक्ष्मीपूजन. सहावी मॅच लागलीच तर १ तारखेला, भाऊबीज. ज्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाहुणे आहेत त्यांनी काय करायचं?

---

घड्याळजी | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

इथे एक गडबड आहे. अमावास्या शिकागोच्या घड्याळाने रविवारी दुपारी साडेबारा-पाऊणलाच संपते. मग संध्याकाळची अमावास्या मिळते ती शनिवारी. म्हणजे इथल्या हिशोबाने लक्ष्मीपूजन शनिवारीच, चौथ्या मॅचला.

---

शुभंकरोति | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

आमच्या देवळाने रविवार लावलाय. भारतात रविवार तर इथेही रविवार.

---

घड्याळजी | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

मग भारतात सूर्य उगवला की इथे उठता का तुम्ही?

---

पर्वतीपायथा | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

भांडू नका, इकडची सोय बघा. तुमची शुक्रवार संध्याकाळची मॅच म्हणजे आमची शनिवारची पहाट, साडेपाचच्या पुढे. नरकचतुर्दशी! उटणं लावून, कारीट फोडून टीव्हीसमोर बसायचं. दिवाळी पहाटेला या वर्षी आमच्याकडे गाण्याऐवजी रिग्ली फील्ड.

---

आकडेमोड | २४ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

मूळ विषयाकडे येतो. क्लीव्हलँडला कोणी हलकं घेऊ नका. त्यांचे दोन मुख्य पिचर, करास्को आणि सालाझार, जखमी. तिसरा, बॉवर, ड्रोन दुरुस्त करताना बोट कापून बसला. तरी रेड सॉक्सला ३-०, टोरांटोला ४-१. कारण अँड्र्यू मिलर. एरवी सगळे आपला भारी रिलीव्हर (मागाहून येणारा पिचर) शेवटच्या इनिंगसाठी झाकून ठेवतात, फ्रँकोना त्याला पाचव्या-सहाव्या इनिंगलाच आणतो, जिथे मॅच फिरतेय तिथे. टोरांटोविरुद्ध चार मॅचमध्ये १४ जणांना बॉल दिसला नाही. आणि मिलर आणि आपला चॅपमन, दोघेही जुलैपर्यंत यँकीजमध्ये एकत्र होते.

पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन मॅच क्लीव्हलँडला, कारण ऑलस्टार मॅच (दोन लीगच्या निवडक खेळाडूंची) अमेरिकन लीगने जिंकली. तिकडे पिचरच्या जागी दुसरा बॅट्समन चालतो. त्यामुळे श्वार्बरची बातमी महत्त्वाची. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात गुडघा गेला, सगळा सीझन घरी, आणि शनिवारी ॲरिझोनात सरावाच्या लीगमध्ये बॅटिंगला उतरलाय. पळता आलं नाही तरी नुसतं मारायला ठेवतील त्याला.

---

एरीकाठची | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:००

आकडेमोड, शत्रूपक्षात असून इतकं नीट लिहिलंत, आभार. आमच्या किपनिसचं पण लिहा. पोरगा तुमच्याच नॉर्थब्रूकचा, लहानपणी कब्सचा वेडा. आता आमच्याकडून सेकंड बेसला.

एक मनातलं. आमच्या टीमचं नाव इंडियन्स, तर माझे सासरे तिकडून विचारतात, 'इंडियन्स म्हणजे आपलीच पोरं का गं?' त्यांना समजावताना मलाच ओशाळायला होतं. टोपीवरचं ते लाल चेहऱ्याचं दात काढणारं चित्र मला कधीच आवडलं नाही. कोणी आपल्या मावळ्यांचं तसं चित्र काढून टोपीवर लावलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का? मी नुसत्या 'सी' अक्षराची टोपी घालते. माझी टीम आहे, म्हणून तर बोलते.

---

डावखुरा | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

ताई, नाव इतकं जुनं आहे, लोकांच्या भावना त्याला चिकटल्यात. लोक अपमान म्हणून नाही घालत.

---

एरीकाठची | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:४१

ज्यांचं चित्र आहे त्यांना विचारायचं ना मग. दरवर्षी पहिल्या मॅचला गेटवर उभे असतात ते, थंडीत. १९४८ च्या टीममध्ये लॅरी डोबी आणि सॅचेल पेज होते, वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या टीममधले पहिले काळे खेळाडू. अभिमान बाळगायला आमच्याकडे ते आहेत की, चित्र कशाला हवं.

---

पाटीपेन्सिल | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:५५

मी इथे फारसा लिहीत नाही. वय ७०, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत आलो, शिकायला. त्याआधीच्या महिन्यात माणूस चंद्रावर उतरला होता आणि शिकागोत लोक बोलायचे फक्त कब्सबद्दल. भलीमोठी आघाडी होती. लॅबमधला एक पोरगा मला धरून रिग्लीवर घेऊन गेला. तेव्हा तिथे दिवेच नव्हते, सगळ्या मॅच दुपारी. (दिवे आले १९८८ ला, आणि पहिल्याच रात्री पावसाने मॅच बंद पडली.) मी रात्री लायब्ररीत काम करायचो त्यामुळे दुपार मोकळी. भिंतीवर वेल, हाताने आकडे लावायचा स्कोअरबोर्ड, आणि समोर एर्नी बँक्स, बिली विल्यम्स, फर्गी जेंकिन्स, रॉन सँटो. मला वाटलं, अमेरिका म्हणजे हेच. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध सँटो बॅटिंगची वाट बघत उभा असताना त्याच्या समोरून काळी मांजर गेली, ते चित्र तुम्ही बघितलं असेल. मेट्स आठ मॅचने पुढे जाऊन जिंकले.

सँटोला मधुमेह होता, अठराव्या वर्षापासून. टीमला कळलं तर काढतील म्हणून वर्षानुवर्षं लपवून खेळला. पुढे दोन्ही पाय गेले, तरी रेडिओवर कब्सची कॉमेंट्री करायचा. २०१० ला गेला. बँक्स १९ सीझन खेळला, ५१२ होमरन, आणि प्लेऑफची एकही मॅच नशिबात नाही. तो गेल्या वर्षी जानेवारीत गेला. शनिवारी रात्री रिझोने शेवटचा बॉल पकडला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हे दोघं आले.

८४ ला बघितलं. ८९ ला बघितलं. २००३ ला बघितलं. सगळ्यांत हरलो. मी बघितल्यामुळे हरले असं मला कधी वाटलं नाही. आपला काय एवढा अधिकार?

---

चहाबाज | २४ ऑक्टोबर, दुपारी १:००

काका, दंडवत.

---

दक्षिणायन | २४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सॉक्सचा असून सांगतो, सँटोबद्दल वाचून गप्प झालो. काका, तुमच्यासाठी म्हणून एखादी मॅच जिंका.

---

डेस्प्लेन्सकर | २४ ऑक्टोबर, रात्री ८:३५

काका, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. मी मूळ धाग्यात एक गोष्ट लिहिली नव्हती, आता लिहितो.

आमच्या शेजारी एक आजोबा होते. पोस्टात होते, रिटायर झालेले. २००५ ला आम्ही घर घेतलं तेव्हापासूनचा शेजार. ते संध्याकाळी मागच्या अंगणात रेडिओ लावून बसायचे आणि मी कुंपणाला टेकून उभा. बेसबॉल मला त्यांनी शिकवलं. पिचर थकला हे त्याच्या खांद्यावरून कसं ओळखायचं, स्कोअरकार्ड पेन्सिलनेच का भरायचं, सगळं. १९४५ ला ते सात वर्षांचे होते, वडिलांनी सांगितलं होतं की पुढच्या वेळी तुला नेईन. पुढची वेळ आलीच नाही. २०१४ च्या वसंतात ते गेले, तेव्हा कब्स पाचव्या नंबरवर.

त्यांच्या बायकोचा काल फोन आला. आजी ऐंशीच्या आहेत, एकट्याच असतात. म्हणाल्या, शुक्रवारी रिग्लीवर मॅच आहे, ७१ वर्षांनी, तू आणि मुलगी माझ्याकडे बघायला या. मी 'कळवतो' म्हणालो. धनत्रयोदशीचं कारण दिलं. खरं कारण हे की मी गेलो आणि हरले तर? त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर? म्हणून विचारत होतो.

---

पाटीपेन्सिल | २४ ऑक्टोबर, रात्री ८:५८

अरे वेड्या, हे आधी सांगायचं! फोन कर आत्ता. हरले तर हरले, तिला त्याची सवय आहे. एकटीने बघायची सवय नाही.

---

एरीकाठची | २४ ऑक्टोबर, रात्री ९:०३

जा. आमच्याविरुद्धची मॅच आहे तरी सांगते, जा. दिवा लावून, नैवेद्य दाखवून जा, सात वाजेपर्यंत सगळं होतं.

---

आकडेमोड | २४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

जा रे. गणिताचं मी बघतो.

---

खमंग_काकडी | २४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मला अजून फाउल बॉल म्हणजे काय ते कळलेलं नाही पण मी शुक्रवारी बघणारे. कब्सकडून. (कब्स!!)

---

डेस्प्लेन्सकर | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

केला फोन. सगळं खरं सांगितलं, २००३ पासूनचं. आजी इतक्या हसल्या की मला वाटलं रागावल्या. म्हणाल्या, अरे, पनवती तर मी आहे! ८४ ला सॅन दिएगोविरुद्ध त्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि डरहॅमच्या पायांतून बॉल गेला. तेव्हापासून त्यांनी एकाही मोठ्या मॅचची शेवटची इनिंग बघितलेली नाही. सातवी संपली की उठून स्वयंपाकघरात जातात, नळ सोडून भांडी घासत बसतात, आणि आजोबा बाहेरून ओरडून एकेक आऊट सांगायचे. आजोबा गेल्यावर गेल्या वर्षी मेट्सविरुद्ध ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी टीव्हीच लावला नाही.

म्हणाल्या, तुझा आवाज मोठा आहे, तू टीव्हीसमोर बस, मी आत असेन, ओरडून सांग.

तर शुक्रवारी जातोय. मुलीला घेऊन. चकल्या घेऊन जातो, त्यांना आवडतात. आज आणि उद्याच्या मॅचला काय करायचं ते अजून ठरलं नाही, बहुतेक गॅरेजमध्ये आकाशकंदील करत बसेन आणि मुलगी येऊन सांगेल.

---

पाटीपेन्सिल | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

उत्तम. रविवारी आमच्याकडे या तिघंही, आजींना घेऊन. आमच्या सिंकवर भांडी भरपूर असतात.

---

पर्वतीपायथा | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

उद्या पहाटे साडेपाचचा गजर लावलाय. पुण्यातून एक मत कब्सला, वडिलांच्या नावाने.

---

आकडेमोड | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

श्वार्बर टीममध्ये!! आज खेळणार!!

---

एरीकाठची | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४८

आम्ही डाउनटाउनला आलोय. बाजूच्या एरिनात बास्केटबॉलच्या कॅव्हजना चॅम्पियनशिपच्या अंगठ्या देतायत, ५२ वर्षांनी शहराने काहीतरी जिंकलं त्याच्या, आणि इकडे ही मॅच, एकाच संध्याकाळी, एकाच चौकात. थंडी आहे. मुलाचा मेसेज आला, 'आई, ऑल द बेस्ट, पण थोडंसंच.' चिवड्याचा डबा आजच कुरियर केला, राहवलं नाही.

आमचा पिचर क्लूबर वॉर्मअपला आला. आता कोणी बोलू नका.

---

चहाबाज | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४९

डेस्प्लेन्सकर, गॅरेजमध्ये आहात ना?

---

डेस्प्लेन्सकर | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५१

हो. कंदिलाच्या करंज्या कापतोय. दार लावून घेतलंय.